एका बादलीचा हिशेब

'वीज वाचवा' असं शीर्षक दिसलं की पान उलटायचं, ही सवय मलाही आहे. शाळेत असल्यापासून आपण तेच वाचत आलोय. खोलीबाहेर पडताना दिवा बंद करा, टीव्ही बंद करा, चार्जर काढून ठेवा. दरवर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन येतो, पोस्टर स्पर्धा होते, पोस्टरवर हमखास एक रडणारा बल्ब असतो आणि पहिलं बक्षीसही त्यालाच मिळतं!

म्हणून या लेखात उपदेश कमी आणि आकडेमोड जास्त आहे. आकडेमोड म्हटल्यावर काही जण आत्ताच पान उलटतील, पण घाबरू नका, सगळं गणित अकरावीच्या फिजिक्सचं आहे. सांगायचं एवढंच, की आपण जिथे बचत करायला धडपडतो तिथे वीज फारशी जातच नाही, आणि जिथे खरी जाते तिथे कोणाचं लक्ष नसतं. हे मला इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आल्यावर, हातात कॅल्क्युलेटर घेऊन आमच्याच खोलीचा हिशेब मांडला तेव्हा कळलं.

आधी युनिट म्हणजे काय ते बघू. १००० वॅटचं उपकरण १ तास चाललं की १ युनिट. बस्स. वॅट गुणिले तास, भागिले हजार. उपकरणाच्या मागच्या स्टिकरवर वॅट लिहिलेले असतात आणि तास आपल्याला माहीत असतात. कोणत्याही घराचा, हॉस्टेलचा किंवा ऑफिसचा हिशेब एवढ्यावर निघतो.

आमच्या खोलीत आम्ही तिघं. एक साधा सीलिंग फॅन, ७५ वॅट, दिवसाला १५ तास धरला तर सव्वा युनिटच्या जरा आत. दोन एलईडी ट्यूब, प्रत्येकी २० वॅट, ६ तास, म्हणजे पाव युनिट. तीन लॅपटॉप, सरासरी ५० वॅट, ५ तास, म्हणजे पाऊण युनिट. आणि ज्याच्यावरून सर्वात जास्त ओरडा खातो ते मोबाइल? एक फोन पूर्ण चार्ज करायला सगळे लॉसेस धरून साधारण २० वॅट-तास लागतात. तिघांचे तीन फोन मिळून दिवसाला ०.०६ युनिट. फोन न लावता नुसता खोचून ठेवलेला चांगला चार्जर अर्ध्या वॅटहून कमी खातो. तो वर्षभर तसाच ठेवला तरी साडेचार युनिटच्या पुढे जात नाही. काढून ठेवलात तर उत्तमच, पण त्या एका कामावर 'मी ऊर्जा वाचवतो' म्हणून झोपी जाऊ नका.

दिव्यांचं म्हणाल तर पूर्वी ते खरोखर मोठं प्रकरण होतं. ६० वॅटचा पिवळा बल्ब, नाहीतर ४० वॅटची ट्यूब आणि तिच्या डोक्यावर तांब्याच्या चोकचे आणखी १२ ते १५ वॅट. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली, एलईडी बल्ब स्वस्त झाले आणि तेवढाच उजेड ७ ते ९ वॅटमध्ये मिळायला लागला. म्हणजे दिव्यांतली मोठी बचत होऊन गेलेली आहे. पंख्यातली अजून बाकी आहे. बीएलडीसी पंखा २८ ते ३५ वॅटमध्ये तेवढाच वारा देतो, पण तो घ्यायचा निर्णय कॉलेजने करायचा, आपण नाही. आपल्या हातात रेग्युलेटर आहे. जुना, डबीएवढा मोठा, गरम होणारा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू करून फार काही वाचत नाही, कारण पंख्याने न घेतलेली बरीचशी वीज त्या डबीतल्या रेझिस्टन्समध्ये उष्णता होऊन जाते. छोटा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर मात्र पंखा जेवढा हळू तेवढं बिल कमी. हात लावून बघा, लगेच कळेल आपल्याकडे कोणता आहे.

इथपर्यंत खोलीचा हिशेब झाला दिवसाला सव्वादोन युनिटच्या आसपास. आता खरी गंमत.

तापवणं

डिसेंबरातली नगरची थंडी ज्यांनी हॉस्टेलमध्ये काढलीय त्यांना हीटर रॉडबद्दल वेगळं सांगायला नको. १५ लिटरची बादली, पाणी २० अंशांवर, अंघोळीला हवं ४० अंशांवर. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८६. गुणाकार केला तर १२५६ किलोज्यूल, म्हणजे ०.३५ युनिट. दीड हजार वॅटच्या रॉडला यासाठी १४ मिनिटं पुरतात. प्रत्यक्षात रॉड लावून माणूस ब्रश करायला जातो, तिथे कोणीतरी भेटतं, सबमिशनचा विषय निघतो आणि वीस मिनिटं सहज होतात. म्हणजे अर्धा युनिट. तिघांचे दीड युनिट.

आमचा पंखा पंधरा तास फिरून जेवढी वीज खातो त्यापेक्षा जास्त वीज तीन बादल्या तासाभरात खातात!

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मोटर, दिवा, कॉम्प्युटर ही उपकरणं काहीतरी काम करतात आणि त्या कामाला फारशी ऊर्जा लागत नाही. पाणी तापवणं मात्र भयंकर महाग काम आहे. किती महाग? आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण आहे, १९२६ साली पूर्ण झालेलं, साधारण ८२ मीटर उंच. पावसाळ्यात आपण सगळे तिथे फोटो काढायला जातो. त्या धरणाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी पडलं आणि त्यातली सगळीच्या सगळी ऊर्जा हाती लागली असं धरलं, तरी तुमची एक बादली गरम करायला दीड हजार लिटरहून जास्त पाणी पडावं लागेल. एक लहान टँकर रिकामा होतो तेव्हा तुमची एक अंघोळ होते. टर्बाइन, जनरेटर आणि तारांमधले लॉसेस मी मोजलेलेच नाहीत.

आणि बहुतेक वीज काही धरणातून येत नाही, कोळशातून येते. एक युनिट तयार करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो आणि त्यातली जेमतेम एक तृतीयांश उष्णता वीज होऊन बाहेर पडते. म्हणजे चंद्रपूरला किंवा एकलहऱ्याला आधी उष्णता तयार करायची, तिची वीज करायची, त्यात दोन तृतीयांश घालवायची, उरलेली शेकडो किलोमीटर तारेतून आणायची आणि इथे बादलीत तिची परत उष्णता करायची. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना याची लाज वाटायला हवी, असं मला तरी वाटतं.

रॉडचा दुसराही एक हिशेब आहे, तो जिवाचा. २३० व्होल्टवर दीड हजार वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. खोलीतला लहान सॉकेट ६ अँपिअरचा. त्यात एक्स्टेन्शन बोर्ड लावायचा, त्यावर रॉड आणि शेजारी लॅपटॉप. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, करंट दुप्पट तर उष्णता चौपट, हे आपण परीक्षेत लिहितो आणि सकाळी सात वाजता विसरतो. सॉकेटजवळ जळका वास येतो तो याचाच. पाणी तापलं का बघायला बटण चालू असताना बादलीत बोट घालणारे वीर तर प्रत्येक मजल्यावर आहेत. कृपा करून हे करू नका. बटण बंद, प्लग बाहेर, मग हात. रेक्टर सर रॉड जप्त करतात तेव्हा आपण त्यांना शिव्या देतो, पण त्यांच्या टेबलाखालचा रॉडचा ढीग बघितला की त्यांची झोप का उडते ते कळतं.

मग करायचं काय? थंड पाण्याने अंघोळ करा असं मी सांगणार नाही. मी स्वतः करत नाही. आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहे. तक्रार अशी की खाली गरम पाणी येत नाही, म्हणून रॉड. आम्ही दोघा-तिघांनी गच्चीवर जाऊन टेप लावून मोजलं. टाकीपासून तळमजल्यावरच्या शेवटच्या बाथरूमपर्यंत पाइप साधारण ३० मीटर. आतला व्यास २० मिलिमीटर. म्हणजे पाइपात कायम साडेनऊ लिटर पाणी उभं असतं. ते गार झालेलं असतं आणि नळ सोडल्यावर आधी तेच येतं. मुलगा अर्धी बादली गार पाणी भरतो, 'आजपण सोलर बंद' म्हणतो आणि खोलीत जाऊन रॉड लावतो. त्याच्या मागे पाइपात नुकतंच आलेलं ६० अंशांचं पाणी तिथेच उभं राहतं आणि पुढचा माणूस अर्ध्या तासाने येईपर्यंत पुन्हा गार होतं. त्या साडेनऊ लिटरमध्ये किती उष्णता असते? ६० वरून २५ अंशांपर्यंत उतरलं तर ०.३८ युनिट. बरोबर एका बादलीची! म्हणजे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने दहा जण आले तर दहा बादल्यांची उष्णता पाइपच पिऊन टाकतो.

उपाय अगदी साधे आहेत. पहिलं येणारं गार पाणी ओतून न देता दुसऱ्या बादलीत घ्या, कपडे भिजवायला किंवा ६० अंशांच्या पाण्यात विसण म्हणून ते लागतंच. लागोपाठ अंघोळी करा. एका बाजूच्या बाथरूममध्ये पाच जण ओळीने गेले तर पाइप एकदाच गरम करावा लागतो. आणि पाइपवर इन्सुलेशन चढवा. उघड्या गच्चीवरचा जस्ताचा पाइप रात्रभर आणि सकाळच्या वाऱ्यात काय करत असेल हे हीट ट्रान्सफर शिकलेल्या मेकॅनिकलच्या मित्रांनी सांगावं. शंभर लिटर पाणी उन्हाने २० वरून ६० अंशांवर नेलं की दिवसाला साडेचार युनिटहून जास्त वीज वाचते. एवढी कमाई गच्चीवर रोज होते आणि आपण ती तीस मीटरच्या पाइपात घालवतो.

मेस आणि शिर्डी

तापवण्याचा दुसरा मोठा अड्डा म्हणजे मेस. इथे वीज नाही, गॅस जातो, पण ऊर्जा ती ऊर्जाच. मेसच्या काकांना मी एकदा विचारलं, काका, भात उकळायला लागल्यावर आच कमी का नाही करत? ते म्हणाले, "अरे बाळा, पोरं ताट वाजवायला लागली की आच कमी करायचं सुचतं होय?" त्यांचंही खरं आहे. पण फिजिक्स ताटांचं ऐकत नाही. १ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ३१४ किलोज्यूल लागतात. तेच १ लिटर पाणी उकळून वाफ करून उडवायला २२५७ किलोज्यूल, म्हणजे सातपट. उकळी आल्यावर पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, मग आच कितीही मोठी ठेवा, भात लवकर शिजत नाही, फक्त वाफ जास्त होते. म्हणून उकळी आली की आच लहान आणि पातेल्यावर झाकण. मला विचाराल तर गॅस वाचवण्याचे बाकी सगळे उपाय मिळून या एका झाकणाची बरोबरी करत नाहीत. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं म्हणून वेळही वाचतो. डाळ, हरभरा, राजमा आधी भिजवला की काम आणखी सोपं होतं. घरी आई हे सगळं वर्षानुवर्षं करते, फक्त ती त्याला लेटंट हीट म्हणत नाही.

आता याच वाफेचा उपयोग आपल्या जिल्ह्यात कसा झाला ते बघा. शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात २००९ साली सूर्यावर चालणारी वाफेची यंत्रणा सुरू झाली. इमारतीच्या गच्चीवर ७३ मोठ्या आरशांच्या तबकड्या, प्रत्येकी १६ चौरस मीटरची. वोल्फगांग शेफलर या संशोधकाच्या नावाने या तबकड्या ओळखल्या जातात. तबकडी सूर्याबरोबर फिरते पण तिचा केंद्रबिंदू जागेवरून हलत नाही, ही त्यांच्या रचनेतली खरी करामत. त्या बिंदूवर पाण्याचा रिसिव्हर असतो. त्यात वाफ तयार होते, पाइपातून खाली स्वयंपाकघरात जाते आणि भांड्यात पाणी होताना तेच २२५७ किलोज्यूल प्रत्येक किलोमागे अन्नाला देऊन टाकते. जी वाफ आपण उघड्या पातेल्यावरून आढ्याला सोडतो तीच तिथे स्वयंपाक करते! वाफेवर भात, डाळ खाली लागत नाही हा वरचा फायदा. यंत्रणा जुन्या बॉयलरच्या लाइनला जोडलेली होती, म्हणजे ढगाळ दिवशी भाविक उपाशी राहायचा प्रश्न नाही.

मी गणित केलं. ७३ गुणिले १६ म्हणजे ११६८ चौरस मीटर. स्वच्छ उन्हात दर चौरस मीटरला पाऊण किलोवॅट थेट ऊन धरलं आणि त्यातलं निम्मंच हाती लागलं असं धरलं, तरी ४०० किलोवॅटच्या वर जातं. म्हणजे आपले २६५ हीटर रॉड एकाच वेळी चालू, तेही फुकटच्या उन्हावर. पुढचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हजारो माणसांचा स्वयंपाक एका ठिकाणी होतो म्हणून अशी यंत्रणा परवडते. प्रत्येकाने आपापल्या खोलीत मॅगी शिजवली तर कोणतीच तबकडी कामाची नाही. हॉस्टेल, मेस, गच्ची, टाकी या सगळ्या सामायिक गोष्टी आहेत, आणि मोठी बचत सामायिक गोष्टीतच असते.

राळेगणसिद्धीलाही हेच दिसतं. पारनेर तालुक्यातलं हे गाव अण्णा हजारे यांच्यामुळे सगळ्या देशाला माहीत झालं, पण बहुतेकांना आंदोलनं आठवतात, बायोगॅस आठवत नाही. तिथे घरोघरच्या संयंत्रांबरोबर सामुदायिक बायोगॅस संयंत्रं उभी राहिली, त्यातलं एक सार्वजनिक शौचालयाला जोडलेलं. नाक मुरडू नका, गॅसला वास नसतो तिकडचा. रस्त्यावरच्या दिव्यांना स्वतंत्र सौर पॅनेल बसले, तेही सोलर हा शब्द फॅशनमध्ये यायच्या कितीतरी आधी. आपल्या मेसमध्ये रोज उष्टं, खरकटं आणि उरलेला भात बादल्याच्या बादल्या बाहेर जातो. पुण्याच्या आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली नेमक्या अशाच पिठूळ खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र तयार केलं आणि २००६ साली त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. शेणापेक्षा शिळ्या अन्नातून गॅस कितीतरी जास्त निघतो, कारण शेण म्हणजे गाईने आधीच पचवलेलं अन्न! फायनल इयरच्या कोणाला प्रोजेक्टचा विषय सापडत नसेल तर हा घ्या. दरवर्षी तोच लाइन फॉलोअर रोबो बघून परीक्षकही कंटाळलेत.

उपसणं

पाणी तापवण्याच्या मानाने पाणी वर चढवणं स्वस्त आहे. १००० लिटर पाणी २० मीटरवरच्या टाकीत चढवायला, पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के धरली तरी ०.१४ युनिट लागतं. टाकी भरून वाहत असली तर म्हणून वीज फार जात नाही. मग नगर जिल्ह्यात विजेचा प्रश्न निघाला की सगळे पंपाबद्दलच का बोलतात?

कारण खोली. आणि प्रमाण. तेच १००० लिटर १०० मीटर खोल बोअरमधून उपसायचं असेल आणि कार्यक्षमता ३५ टक्के असेल तर पाऊण युनिटहून जास्त लागतं. विहिरीचं पाणी १० मीटरवर असेल तर ०.०८ युनिट. दहा पट फरक. शेताला लागणारं पाणी हजार लिटरमध्ये नाही, लाखांमध्ये मोजतात. म्हणजे भूजल जेवढं वर तेवढी वीज कमी. याअर्थी पाझर तलाव, बंधारा, समतल चर हेसुद्धा ऊर्जा बचतीचेच उपाय आहेत, जरी त्यांना कोणी स्टार रेटिंग दिलं नसलं तरी.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाचं गाव. तिथे पाणलोटाची कामं झाली, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी झाली, हे सगळं आपण वाचलेलं असतं. मला इंजिनिअर म्हणून आवडतात त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हा गावाने केलेला नियम. आणि दरवर्षी पाऊस किती पडला ते मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्यावरून कोणतं पीक घ्यायचं ते ठरवायचं. ऊस आणि केळीसारखी तहानलेली पिकं नाहीत. आधी मोजमाप, मग वापर. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या गावात ऊर्जा बचतीची पोस्टर स्पर्धा होते की नाही मला माहीत नाही, पण विहिरीचं पाणी वर आलं की पंपाचं मीटर आपोआप हळू फिरतं.

हॉस्टेलपुरतं बोलायचं तर गळका नळ. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला वीसेक लिटर जातात. वॉशर बदलायला पाच मिनिटं लागतात. उन्हाळ्यात टँकर आला की रांगेत भांडण्यापेक्षा ते सोपं.

स्टाफसाठी थोडंसं

ऑफिस आणि लॅबबद्दल भरपूर लिहिता येईल, पण सर-मॅडम मंडळी हे माझ्यापेक्षा जास्त जाणतात. एसीबद्दल एकच: २०२० पासून स्टार रेटिंगचे नवे एसी चालू करताच २४ अंशांवर येतात, ते तसंच ठेवलं तर बरं. एक अंश वर ठेवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं बीईई म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. स्वेटर घालून एसी लावलेल्या केबिन मी बघितल्या आहेत, कोणाच्या ते सांगत नाही. कॉम्प्युटर लॅबमध्ये स्क्रीन सेव्हर फिरत राहतो त्याने वीज वाचते असा समज आहे, वाचत नाही, मॉनिटर तेवढीच वीज घेत असतो. दहा मिनिटांनी स्लीप हे सेटिंग एकदा सगळ्या मशीनवर केलं की झालं. राउटर आणि सेटटॉप बॉक्स हे मात्र खरे छुपे खादाड, १० वॅटचं उपकरण चोवीस तास चालू राहिलं तर वर्षाला जवळजवळ ८८ युनिट. वर्कशॉपमध्ये लेथ रिकामा फिरत ठेवला की युनिट तर जातातच, पॉवर फॅक्टरही पडतो, आणि महाराष्ट्रात २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर निघायला लागलं म्हणजे पडलेल्या पॉवर फॅक्टरचा भुर्दंड सरळ बिलात दिसतो. कपॅसिटर बँक चालू आहे का, एवढं विचारून ठेवावं.

सकाळचे सात

शेवटी एक गोष्ट, जिच्यामुळे मी या फंदात पडलो. माझं गाव पाथर्डी तालुक्यातलं. शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की आप्पा अकरा-बाराला बॅटरी आणि काठी घेऊन कांद्याला पाणी द्यायला जातात. दारं मोडायची, चिखलात उभं राहायचं, साप-विंचवाचं बघायचं. संगमनेर, अकोले, राहुरीकडच्या मित्रांना तर बिबट्याचीही भर. आई ते परत येईपर्यंत जागी असते. मी हॉस्टेलमध्ये झोपलेला असतो.

आपण इथे एक रॉड बंद केला म्हणून पाथर्डीत दिवसा लाइट येणार नाही, एवढं मला कळतं. पण हे नेमकं कसं जुळतं ते समजून घ्या. वीज साठवून ठेवणं फार महाग असतं. ज्या क्षणी मागणी त्या क्षणी निर्मिती. दिवसा सगळ्यांची मागणी जास्त असायची म्हणून शेतीच्या लाइनला रात्र दिली गेली. २००५ नंतरची काही वर्षं तर राज्यात तुटवडाच इतका होता की खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन असायचं. आता दुपारी सौर वीज येते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली जाहीर झाली आणि तिचे सुरुवातीचे प्रकल्प जिथे उभे राहिले त्यात राळेगणसिद्धी होतं. कल्पना सरळ आहे: गावाजवळ सौर प्रकल्प, त्यावर शेतीचा फीडर, म्हणजे पाणी दिवसा. दुपारचा प्रश्न या मार्गाने सुटू शकतो.

सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते दहा हे तास मात्र उन्हाने सुटत नाहीत. त्या वेळी सगळे गीझर, सगळे रॉड, सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि त्यासाठी कोळशाचे संच तयार ठेवावे लागतात. म्हणून वाचवलेला प्रत्येक युनिट सारखा नसतो. दुपारी दोनला पंखा बंद करण्यापेक्षा सकाळी सातला रॉड न लावणं जास्त मोलाचं. काल दुपारच्या उन्हाने गच्चीवरच्या टाकीत भरून ठेवलेलं गरम पाणी सकाळी सातला वापरणं म्हणजे बॅटरी न घेता सौर वीज साठवणंच झालं. आपल्या हॉस्टेलमध्ये एवढी स्वस्त साठवण दुसरी कोणतीही नाही, आणि ती आपण पाइपात गार करतोय.

तर गच्चीवरच्या पाइपचं माप आम्ही घेतलेलं आहे: उघडा भाग १८ मीटर, उरलेला डक्टमधून जातो, तिथे हात पोचत नाही. फोमच्या नळ्या आणि वरून उन्हापासून संरक्षणाला गुंडाळायची टेप असा खर्च रेक्टर सरांना लिहून दिला आहे आणि सरांनी तोंडी हो म्हटलं आहे. सामान आलं की पहिल्याच रविवारी सकाळी आठला काम सुरू करायचं ठरलंय. चार माणसं पुरतील. कात्री आणि शिडी लागेल, शिडी वर्कशॉपमधून मिळेल. ज्यांना यायचं असेल त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या नोटीस बोर्डाखाली ठेवलेल्या वहीत नाव लिहावं. त्याच वहीत पाइप झाकायच्या आधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर, रोज सकाळी सातला शेवटच्या बाथरूममध्ये किती लिटरनंतर गरम पाणी आलं ते लिहायचं आहे. थर्मामीटर फिजिक्स लॅबमधून घेतला आहे, तो कृपया खिशात घालून नेऊ नये.